अप्पांचा काटा आणि दरीवरची तार

शिवलिंगअप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव, गाव, जात, पगार यांपैकी काहीच विचारलं नाही. घाटनांदूरच्या शाळेत बदली होऊन मी ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनातून पायी येत होतो. अप्पा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला एकदा वरून खाली पाहिलं आणि शेजारी बसलेल्या हमालाला म्हणाले, "माणूस अठ्ठावन्न. ट्रंक बावीस."

मी थबकलो. अप्पांना वाटलं, मला शंका आहे. "पटत न्हाई? चढा मग काट्यावर. काटा बोलतो, आपुन गप." मी गावात नवा, त्यात भिडस्त. चढलो. बरोबर अठ्ठावन्न भरलो. ट्रंक मात्र साडेबावीस निघाली, तेव्हा अप्पांचा चेहरा उतरला. "कुलूप धरलंच न्हाई की मी," म्हणाले.

पुढे मी त्यांच्याच शेजारी भाड्याने राहिलो आणि लग्न करून तिथेच रुळलो. अप्पांचं किराण्याचं आणि धान्याचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. दुकानात दोन तराजू, ओट्यावर पोती तोलायचा लोखंडी मोठा काटा आणि फळीवर ओळीने मांडलेली वजनं, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. दर सकाळी अप्पा आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकानात येत आणि आधी वजनं पुसत. मग तराजूला हात जोडत. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी त्यांची घाई होत नसे.

माप मोजताना आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. अप्पांना हे इतकं जडलं होतं की देवळाच्या पायऱ्या मोजतानाही लाभ आणि औषधाच्या गोळ्या मोजतानाही लाभ. गावात नवा एसटीडी बूथ निघाला तेव्हा सोलापूरच्या व्यापाऱ्याचा नंबर सांगताना अप्पा "दोन, लाभ, सात" असं म्हणाले आणि बूथवाला बोट डायलवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत बसला.

ते दिवस पुड्यांचे होते. शांपूपासून लोणच्यापर्यंत सगळं चकचकीत कागदात येऊ लागलं होतं. त्यावर वजन आधीच छापलेलं असे, आणि अप्पांना ती स्वतःची बेअब्रू वाटे. कुठल्याशा कारखान्यात बसून कुणीतरी वजन छापायचं आणि यांनी ते मुकाट्याने विकायचं. ते पुडा फोडत, बिस्किटं एकीकडे, कागद एकीकडे असं तोलत आणि चार ग्रॅम कमी भरले की कंपनीला पोस्टकार्ड टाकत. पोस्टकार्ड लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. एकदा एका कंपनीने दिलगिरीचं पत्र आणि बिस्किटांचं एक खोकं फुकट पाठवलं. अप्पांनी ते सगळं तोललं, खोकं परत बांधलं आणि उलट टपाली पाठवून दिलं. "मी भीक मागितली न्हाई, माप मागितलं," हे वाक्य मी त्यांच्या सांगण्यावरून पत्रात घातलं होतं.

लाल आकड्यांचे विजेचे काटे बाजारात आले तेव्हा सगळ्या दुकानदारांनी घेतले. अप्पांनी घेतला नाही. "आकडा लाल दिसला मंजे खरा असतोय का? लाईट गेली की त्याला सोताचं वजन बी सांगता येत न्हाई," म्हणत. वजनमापांचे साहेब दरवर्षी शिक्का मारायला येत. बाकीचे दुकानदार त्या दिवशी अंबाजोगाईला काम काढत. अप्पा मात्र नवं धोतर नेसून साहेबांची वाट बघत.

या तोलण्यातून कुणी सुटत नसे. सत्यनारायणाचा प्रसाद मिळाला तरी ते तळहातावर जोखून बघत. पेढ्यांचा डबा आला की आधी रिकामा डबा तोलत, मग पेढे. एका हळदीकुंकवाला माझी बायको दारातून आत जात असताना ओट्यावरून अप्पांनी सहज तिचा आकडा सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही, मला याच घरात राहायचं आहे. चार महिने आमच्याकडची साखर दुसऱ्या दुकानातून आली.

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे त्यांची खाकी पिशवी. कुठेही जाताना, लग्नाला असो की दवाखान्यात, अप्पा त्या पिशवीत शिक्क्याची तीन वजनं घेऊन निघत. दोन किलोची दोन आणि एक किलोचं एक. दुसऱ्याच्या गावातल्या दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास कसा ठेवायचा? भाजी घेताना आधी भाजीवाल्याच्या तराजूत आपलं वजन टाकून बघायचं, मग वांगी. त्यामुळे परळीच्या बाजारात अप्पा दिसले की वांग्यांवर पोती टाकली जात, असं त्यांची बायकोच सांगे.

त्यांची बायको म्हणजे महानंदाकाकू. अप्पा चौऱ्याण्णव किलोचे, हे मला नंतर कळलं, आणि काकू त्यांच्या निम्म्याने. बोलणं थोडं, हसणं जास्त. अप्पा कुणाशी वजनावरून भांडत असले की त्या आतून चहा पाठवत, दोघांनाही. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. अप्पांच्या सगळ्या हट्टांना त्यांनी तीस वर्षं होकार दिला होता आणि स्वतः काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग काकू आजारी पडल्या. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. महिनाभर अंबाजोगाईच्या दवाखान्यात काढून घरी आल्या तेव्हा लुगड्यात नुसता काठीचा आकार उरला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दर आठवड्याला वजन करा, ते सांभाळलं की बाई सांभाळल्या. हे सांगायला त्यांना गावात अप्पांहून योग्य माणूस मिळाला नसता.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी पूजा झाली की काकू ओट्यावर येत आणि पोत्यांच्या काट्यावर उभ्या राहत. त्या काट्याची दांडी मागच्या बाजूला, त्यामुळे चढलेल्या माणसाला स्वतःचा आकडा दिसत नाही. अप्पा मागे उभे राहून दांडीवरचं वजन सरकवत, डोळे बारीक करत आणि मोठ्याने म्हणत, "बेचाळीस. जिथल्या तिथं." काकू उतरत, आत जात आणि भाकरी टाकत. पुढच्या सोमवारी पुन्हा बेचाळीस. आळीला इतकी सवय झाली की अप्पांचा आवाज आला की माझी बायको म्हणे, सोमवार उजाडला.

दुपारभर पडून राहायचं म्हणून अप्पांनी काकूंसाठी रंगीत टीव्ही आणि केबल घेतली. काकूंना मालिका आवडल्या नाहीत. त्या बघत बसत परदेशातले डोंगर. एका दुपारी त्यांनी पाहिलं की कुठल्या तरी देशात माणसं डोंगर चढून जातात आणि मग एका तारेला लटकून दरीवरून सूं करत पलीकडे उतरतात. काकूंनी अप्पांना हाक मारून दाखवलं. "मी बरी झाले की मला हे कराचं हाय."

आजारी माणसाला आपण हो म्हणतो तसं अप्पा हो म्हणाले. अशी तार काही अंबाजोगाईच्या डोंगरात यायची नव्हती.

ती आली. आष्टीकडचा एक निवृत्त फौजी, दादाराव हवालदार, बायकोच्या माहेरी येऊन राहिला होता. फौजेत त्याने दोरावरून नद्या पार करायचं शिक्षण घेतलं होतं. सासऱ्याच्या डोंगरातल्या जमिनीत पीक येत नव्हतं, दरी मात्र भरपूर होती. त्याने दोन कड्यांमध्ये पोलादी तार ओढली आणि बसस्टँडवर पाटी लावली: 'एक तास डोंगरवाट, नंतर तारेवरून दरी पार. सहकुटुंब या.' काकूंनी ती पाटी बसमधून वाचली आणि घरी येऊन अप्पांना फक्त एवढंच म्हणाल्या, "आली की ती तार."

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं निघालो. अप्पा, काकू, मी आणि माझी बायको. साखरेचं प्रकरण तोवर मिटलं होतं. खाकी पिशवी अर्थात होतीच.

"अप्पा, डोंगरात काय वांगी घ्यायचीत?" मी विचारलं.

"असू द्या. वजन कुटं बी कामाला येतंय."

पहिल्या चढाला अप्पांना धाप लागली आणि पिशवी माझ्याकडे आली. त्यानंतरची वाट सुंदर होती असं बाकीचे सांगतात. तरवडाची पिवळी फुलं, सीताफळांची झुडपं, गुडघाभर गवत, खाली तुरीचे पट्टे, आणि वर वारा असा की बायकांना पदर धरून चालावं लागत होतं. मला मात्र आठवतं ते खांद्यात रुतलेलं पाच किलो लोखंड. काकू सगळ्यांच्या पुढे. मधेच थांबून त्यांनी उकललेलं सीताफळ तोडलं, निम्मं मला दिलं आणि म्हणाल्या, "दमलात का गुरुजी? त्या पिशवीनं माझा बी लई जीव घेतलाय. काशीला नेल्ती त्यांनी."

कड्यावर एक लाकडी माची, एक बाभूळ, आणि बाभळीखाली दादाराव, मिशा पिळलेल्या, शिट्टी गळ्यात. पलीकडच्या कड्यावर त्याची बायको माणसं धरायला उभी होती. आमचा कडा जरा उंच, तो जरा खाली, मधे दरी. तारेवर कप्पी, कप्पीला पट्टे, पट्ट्यात माणूस. दादारावने कवायतीच्या आवाजात नियम सांगितले. "नव्वदच्या वर चालनार नाही, तार सोसत नाही. चाळीसच्या आत चालनार नाही. हलका मानूस दरीच्या मधेच उभा राहतो, मग त्याला दोर टाकून विहिरीतल्या बादलीवानी ओढावं लागतंय. परवाच एका मास्तरला ओढला."

मग त्याने बाभळीच्या बुंध्यामागून न्हाणीघरात ठेवतात तसला एक चपटा काटा काढला. अप्पांचे डोळे चमकले. मला पुढचं सगळं दिसलं, पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावरून पिशवी घेतली, तिन्ही वजनं त्या काट्यावर ठेवली आणि सुई बघितली. सुईने आठ दाखवले.

"पाचाचे आठ," अप्पा म्हणाले. "तीन किलो जास्त बोलतोय तुमचा काटा. यावर तुमी मानसं सोडताव? हे बघा शिक्का. काटा बोलतो, आपुन गप."

दादारावला राग आला, पण फौजी माणूस, शिक्का मानणारा. "ठीक आहे," म्हणाला. "जो आकडा येईल त्यातून तीन वजा करू. चला, लाईनीत या एकेक."

मी चढलो, तीन वजा जाता एकाहत्तर भरलो. बदली होऊन आलो त्यानंतरचे तेरा किलो या गावानेच घातलेले. माझी बायको काट्याकडे बघून म्हणाली की तिला दरीपेक्षा डोंगरवाटच जास्त आवडली, ती पायीच येईल. मग काकू पुढे झाल्या. चपला काढून त्यांनी उजवा पाय उचलला.

"थांब," अप्पा म्हणाले. इतक्या मोठ्याने की दादारावच्या तोंडातली शिट्टी वाजली. "तिला कशाला चढवताव? बेचाळीस हाय ती. सोमवारी मीच केलंय, माझ्या काट्यावर."

दादारावने मान डोलावली. ज्याने आत्ताच त्याच्या काट्याची लाज काढली, त्याच्या शब्दावर तो कसा शंका घेणार? त्याने वहीत बेचाळीस लिहिलं आणि काकूंच्या कमरेला पट्टे बांधायला घेतले. नऊवारीचा कासोटा असल्यामुळे पट्टे झकास बसले.

अप्पांनी मला कोपराला धरून बाभळीमागे नेलं. त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती.

"गुरुजी," ते म्हणाले, "सदतीस हाय ती."

मला आधी कळलंच नाही.

"सदतीस. चार महिने झाले, खरा आकडा बोललो न्हाई. डाक्टरला खरं सांगतो मी, चिठ्ठीवर लिहून देतो. ते मनले औषध बदललंय, वाढंल हळूहळू. पर हिला कसं सांगू? बेचाळीसची चाळीस झाली त्या सोमवारी दांडी बघून माझ्या तोंडातून बेचाळीसच गेलं. मग दर सोमवारी तेच." ते तारेकडे बघत होते. "खरं सांगावं तर हिला कळतंय, बाई उतरत चाललीय. गप बसावं तर दरीच्या मधात लटकती. आन् तू जाऊच नको मनावं, तर सहा महिने झाले, ही बाई या तारेसाठीच जेवतीय."

ज्या माणसाने चार ग्रॅमसाठी कंपन्यांना घाम फोडला, तो चार महिने दर सोमवारी भर ओट्यावर खोटं वजन बोलत होता, आणि सगळी आळी ते ऐकून वार ठरवत होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझ्या शाळेतल्या अकलेने मी म्हणालो, "अप्पा, दादारावला तेवढं बाजूला घेऊन खरं सांगू. हलका माणूस पुढे कसा न्यायचा, त्याला माहीत असेल."

"हलक्या मानसाला काय कमी असतंय?" अप्पा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी माझ्या पायाशी पडलेल्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा दुकान उघडताना असतो तसा झाला.

ते माचीकडे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ओटी भरा हिची. बाई वेस ओलांडून चाललीय, मधात दरी हाय. मोकळ्या पदरानं कशी जाईल?"

"लूज सामान अलाउड नाही," दादाराव म्हणाला.

"ओटी सामान हाय का? तुमची बायकू पयल्यांदा माहेराहून निघाली तवा मोकळी आलती?"

दादारावने पलीकडच्या कड्याकडे बघितलं. माझी बायको पुढे आली. "अहो अप्पा, ओटी बाईने भरायची असते."

"तर तुमी भरा. मी मोजतो."

आमच्या डब्यात काकूंनी खिचडीसाठी आणलेले मूठभर तांदूळ होते, नारळ डोंगरावरच्या देवाला न्यायचा होता. काकूंनी पदर पसरला. बायकोने तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग अप्पांनी पिशवी तिच्या हातात दिली. "हे बी घाला त्यात. मी काय नव्वदच्या आत बसत न्हाई, मला दरीतून चालत यावं लागतंय. गुरुजींचा खांदा गेलाय. वजनं हिच्यासंगंच जाऊ द्या."

बायकोने एकेक वजन पदरात ठेवलं आणि अप्पांनी मोजलं, दुकानात मोजतात तसंच, डोळे मिटल्यासारखे करून. "लाभ. दोन. तीन."

पाच किलो. सदतीस आणि पाच. मी मास्तर असूनही बेरीज करायला मला एक क्षण लागला. दादारावने पदराची गाठ दोनदा ओढून बघितली, वरून एक पट्टा आवळला आणि शिट्टी वाजवली. "एक, दोन..."

"लाभ मना," अप्पा म्हणाले.

दादारावने एवढ्या लढाऊ आयुष्यात कुणाचं इतकं ऐकलं नसेल. "लाभ, दोन, तीन," म्हणाला आणि सोडलं.

काकू गेल्या. सुरुवातीला सूं करून गेल्या, लुगड्याचा हिरवा रंग दरीवर लहान होत गेला. मग निम्म्यावर कप्पी मंदावली. आणखी मंदावली. दादारावने दोराला हात घातला. अप्पांचे ओठ हलत होते, पण ते मंत्र म्हणत होते की आकडे, ते मला कळलं नाही. कप्पी सरपटत, सरपटत पुढे गेली आणि पलीकडच्या बाईने काकूंना कवेत धरलं. पलीकडून हसू ऐकू आलं, काकूंचं.

अप्पांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेचाळीसच होती ना?"

"शिक्क्यासकट," मी म्हणालो.

मग दादारावने त्यांना त्यांचं नेमकं वजन विचारलं. आता नव्वद म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं, अप्पांचा शब्द आता डोंगरात चालत होता. अप्पांनी सांगितलं, "चौऱ्याण्णव." आणि माझ्या बायकोबरोबर काठी टेकत दरीतल्या पायवाटेने निघाले.

माझ्या प्रवासाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दरी मी पाहिलीच नाही. डोळे मिटून बेचा पाढा म्हणत निघालो आणि बे दाहे वीसला पलीकडे टेकलो.

काकू एका दगडावर पदर सोडून बसल्या होत्या. मांडीवर नारळ, आणि पुढ्यात गवतावर तिन्ही वजनं ओळीने मांडलेली, दुकानात असतात तशी. गाल वाऱ्याने लाल झाले होते.

"कसं वाटलं काकू?"

"लई भारी. पुन्हा जाईन." मग त्यांनी एक किलोचं वजन उचलून हातात घेतलं. "गुरुजी, हे मला पोचवाया घातलेत. मला ठावं हाय."

मी डोंगराकडे बघितलं.

त्यांनी कमरेचा बटवा काढला आणि त्यातून जाड कागदाचे चार लहान तुकडे माझ्या हातावर ठेवले. परळीच्या स्टेशनात नाणं टाकलं की दिवे लागून वजनाचं तिकीट देणारं यंत्र होतं, त्याची तिकिटं. काकू दर महिन्याला परळीला बहिणीकडे जात. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस, सदतीस. शेवटच्या तिकिटाच्या मागे छापलं होतं, 'आपणास लवकरच लांबचा प्रवास घडेल.'

"पयल्यांदा बघितलं तवा वाटलं मिशीन बिघडलंय," त्या म्हणाल्या. "मग कळलं, मिशीन बराबर हाय, आमचा काटा बिघडलाय. त्या मानसानं उभ्या जन्मात कुनाला खोटं माप दिलं न्हाई. भावाला दिलं न्हाई, सावकाराला दिलं न्हाई. माझ्यासाठी दर सोमवारी देतंय. अन् नंतर अर्धा दिस कुनासंगं बोलत न्हाई."

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"कावून सांगू? त्यांनी बेचाळीस मनलं की मला दोन घास जास्त जातेत." त्यांनी तिकिटं परत बटव्यात ठेवली. "तुमी बी सांगू नका गुरुजी. त्यांना वाटंल, आपला शब्द खोटा पडला."

मी शब्द दिला. मग नारळ फोडू का, असं विचारलं.

तासाभराने अप्पा वर आले, घामाने चिंब, धोतराला कुसळं चिकटलेली. आधी त्यांनी वजनं मोजली. लाभ, दोन, तीन. मग काकूंकडे न बघता विचारलं, "भ्यालीस का?"

"बेचाळीसची बाई हाय मी," काकू म्हणाल्या. "मला काय होतंय?"

अप्पा वजनं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

त्यानंतरही दर सोमवारी ओट्यावर तोच आवाज येत राहिला. बेचाळीस, जिथल्या तिथं. फरक इतकाच की आता तो ऐकताना मी पेपर खाली ठेवत असे. पावसाळा गेला, दुसरी दिवाळी गेली. काकूंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, त्या मनगटाशी थांबायला लागल्या. 

मग एका सोमवारी सकाळी नेहमीचा आवाज आलाच नाही. मी धसकून बाहेर आलो. काकू काट्यावर उभ्या होत्या. अप्पा मागे दांडीवर वाकले होते. त्यांनी वजन सरकवलं, परत मागे घेतलं, परत सरकवलं. चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "बेचाळीस."

"जिथल्या तिथं?" काकूंनी विचारलं.

"जिथल्या तिथं," अप्पा म्हणाले आणि दुकान उघडं टाकून चौकाकडे चालायला लागले.

परत आले ते पेढ्यांचा डबा घेऊन. आळीतल्या प्रत्येक दारात गेले. लोक विचारत होते, अप्पा, काय विशेष? अप्पा काय सांगणार? जे दीड वर्ष दर सोमवारी ओरडून सांगितलं तेच आज खरं झालं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ते नुसतेच म्हणत, "घ्या. काटा बोलला." मग माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले आणि माझा हात जरा वेळ तसाच धरून ठेवला.

शेवटी ते ओट्यावर काकूंपुढे जाऊन उभे राहिले.  काकूंनीही, पेढे कशाचे, असं विचारलं नाही. एक उचलला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. मग पुन्हा हात पुढे केला.

तो डबा अप्पांनी आणल्यापासून एकदाही काट्यावर ठेवला नव्हता. त्यांनी त्यात हात घातला आणि मुठीत येतील तेवढे पेढे काकूंच्या ओंजळीत टाकले, न मोजता.